फुकटच्या ॲपची पारख

गेणभाऊंना बैलातलं जेवढं कळतं तेवढं मला कशातलंच कळत नाही. आणि मला फोनातलं जेवढं कळतं असं अवसरीतले लोक समजतात, तेवढंही कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला त्यात माझा वाटा निम्म्याहून जास्त आहे.

अवसरी बुद्रुकला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर बोर्ड आहे, 'प्रतिभा झेरॉक्स, सर्व ऑनलाइन कामे होतील.' त्यातला 'सर्व' हा शब्द बोर्ड रंगवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं घातला. तेव्हापासून कुणाचा फोन गरम झाला तरी तो घेऊन माणूस माझ्याकडे येतो, आणि मीही 'बघू' म्हणते. नाही म्हणायची लाज वाटते, दुसरं काय.

गेणभाऊ सत्तरीला टेकलेले. काटक, उंच, बोलणं मोजकं. घरी आता एक म्हातारा बैल आणि दोन म्हशी एवढंच, पण आंबेगाव-जुन्नरमध्ये कुणाला शर्यतीचा खोंड घ्यायचा असला की गाडी आधी ह्यांच्या दारात थांबते. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात हे नुसते शिरले तरी जनावरांचे व्यापारी सावध होतात. ह्यांची पद्धत ठरलेली. आधी दात, मग खूर, मग पाठीवरून एक हात. आणि शेवटी मालकाला दोनच शब्द, "डांबरीवर काढ." बाजारातली माती भुसभुशीत असते, तिथे दुखऱ्या पायाचा बैलसुद्धा ऐटीत चालतो. कडक रस्त्यावर आणला की कोणता पाय चोरतो ते लगेच दिसतं. मालक डांबरीवर न्यायला कां-कूं करू लागला, की गेणभाऊ उपरणं झटकून निघालेच. त्यांची एकुलती एक मुलगी कल्याणी शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. कासरा धरून बैल रस्त्यावर चालवून दाखवायचं काम तिचं असायचं.

ही कल्याणी पुढे नर्स झाली आणि गेल्या वर्षी आखातात नोकरीला गेली. तिथे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं जातं, फोटो जातात, पण बोलायचा फोन लागत नाही, तिथल्या सरकारनं बंद ठेवलाय. पहिले सहा महिने अडचण आली नाही. तिच्या खोलीत केरळची एक मुलगी होती, तिच्या फोनवर तिकडचं परवानगीचं ॲप होतं, त्यावरून दर शुक्रवारी कल्याणीचा चेहरा घरी दिसायचा. ती मुलगी नोकरी सोडून गेली, ते ॲप महाग पडतं म्हणून कल्याणीनं स्वतः घेतलं नाही, आणि दिसणं थांबलं. कधीमधी साधा फोन यायचा, दोन मिनिटांचा. मी बरी आहे, तुम्ही गोळ्या घेता का, संपलं.

गेणभाऊ दुकानात आले ते सकाळी सकाळीच. फोन माझ्यापुढे ठेवला आणि कल्याणीचे तीन फोटो दाखवले.

"दोन महिन्यात तीन फोटू आलं, तिन्ही बसल्यालं," ते म्हणाले. "उभा एक बी न्हाई. प्रतिभा, मला तिला चालताना बघायचंय."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. बाप म्हातारा झाला, मुलगी दूर गेली, की माणसाला काहीबाही वाटतं, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं की भाऊ, फोटो काढताना माणूस बसतोच. त्यांनी एवढंच सांगितलं, की व्हीपीएन नावाचं एक ॲप असतं, ते टाकलं की तिकडं फोन लागतो, असं कल्याणीच एकदा बोलली होती. पण तिकडं ते वापरताना सापडलं तर मोठा दंड आहे, म्हणून ती टाकणार नाही.

"दंड तिकडं हाय, हितं न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "कासऱ्याला दोन टोकं असत्यात. एक तिच्याकडं, एक आपल्याकडं. आपल्या टोकाला गाठ मारू."

मला हे इतकं पटलं की मी मानच डोलावली. आजही कुणी अशा आवाजात सांगितलं तर कदाचित पुन्हा पटेल.

मी ॲपच्या दुकानात 'फ्री व्हीपीएन' लिहून शोधलं आणि माझेच डोळे फिरले. बोट वर सरकवत राहिले तरी यादी संपेना. सगळ्यांच्या चित्रात एक तर ढाल, नाही तर कुलूप, नाही तर किल्ली. सगळेच जगात सर्वांत वेगवान, सगळेच सुरक्षित, सगळेच कायमचे फुकट. प्रत्येकाखाली साडेचारच्या वर चांदण्या. गेणभाऊंनी चष्मा पुसून पुसून बघितलं. ह्या चांदण्या कोण देतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वापरणारे लोक. मग त्या लोकांना कोण ओळखतं, म्हणाले. मी यादी पुढे सरकवली.

हे ॲप नक्की करतं काय, असं त्यांनी विचारल्यावर मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, की आपण इथे असलो तरी दुसऱ्याच देशात आहोत असं ते भासवतं.

"म्हंजी खोटं बोलतं."

"हो, तसंच म्हणायचं."

"आन फुकट बोलतं. का बरं?"

बाजारात कुणी चांगला बैल फुकट देऊ लागला तर गेणभाऊ त्या बैलाकडे बघत नाहीत, मालकाकडे बघतात. इथे मालकाचं नाव म्हणून परक्या लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि पत्ता नव्हताच. दात नाहीत, खूर नाहीत, हात फिरवायला पाठ नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात हजारभर जनावरं एका नजरेत निवडली, तो माझ्या स्टुलावर बसून तासभर नुसता यादीकडे बघत राहिला. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, कारण दुकानात चार माणसं खोळंबली होती. शेवटी मीच ढालवाल्यातलं एक निवडलं. का, तर निळा रंग बरा वाटला.

त्या निळ्यानं टाकल्या टाकल्या परवानग्या मागायला सुरुवात केली. फोटो बघू का, नंबरांची यादी बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. मी आपली 'हो, हो' दाबत चालले होते, गेणभाऊंनी माझं मनगट धरलं. बैल घ्यायला गेलो तर बैलच इचारतोय घरात किती माणसं हायत, असं म्हणाले आणि ते ॲप काढायला लावलं. मला वरमल्यासारखं झालं. एवढी साधी गोष्ट मला सुचायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी किल्लीवालं टाकलं. ते गरीब होतं, काही मागितलं नाही. पण दर खेपेला आधी अर्ध्या मिनिटाची जाहिरात, मग झेंड्यांची लांबलचक यादी. कोणत्या देशातून जायचं ते निवडा. फुकटात तीनच झेंडे, बाकीच्यांवर मुकुट, म्हणजे पैसे भरा. कल्याणी ज्या देशात आहे त्याच्यावरही मुकुट. आम्ही जपान निवडलं. शेजारच्या मंचरला जायला लांब सिन्नरवरून कशापायी जायचं, असं गेणभाऊंनी विचारलं, आणि मी ठामपणे सांगितलं की ह्यात असंच असतं. ठामपणा हा माझा धंद्यातला मोठा गुण आहे.

फोन लावला. रिंग गेली. तिकडून उचलला गेला, 'जोडत आहे' अशी अक्षरं आली, आणि तुटलं. पुन्हा जपान, पुन्हा तुटलं. हॉलंड, तुटलं. अमेरिकेतून तर रिंगही गेली नाही. मधेच पडद्यावर लाल पाटी आली की तुमच्या फोनात सतरा व्हायरस आहेत, आत्ता साफ करा. गेणभाऊंनी घाबरून फोन उपरण्यात गुंडाळला. तिसऱ्या दिवशी कुलूपवालं टाकलं, त्यानं दुपारपर्यंत बॅटरीच खाऊन टाकली. आणि कल्याणीचा निरोप आला, 'आबा, सारखे कॉल येऊन का तुटतायत? कशाला त्रास घेता, मी मजेत आहे.'

हा निरोप मी वाचून दाखवला तेव्हा गेणभाऊंनी फोन खिशात टाकला. "टाळती," एवढंच म्हणाले. मी तोवर हसायची थांबले होते. त्यांचं म्हणणं खरं वाटत होतं असं नाही, खोटं वाटेनासं झालं होतं. नक्की काय वाटतंय तेच कळत नव्हतं.

शेवटी लाज सोडून मी मंचरला सयाजीला फोन केला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि त्याला खरोखर कळतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, फाटक तिच्या घराचं बंद हाय ना? मग तुमी तुमचंच उघडून काय उपेग?" म्हणजे तीन दिवस, तीन ॲप आणि तीन देश, सगळं वाया. आपल्या टोकाला मारलेल्या गाठीनं काहीच होणार नव्हतं.

हे सांगायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. तेवढी तरी शिक्षा मला हवीच होती. गेणभाऊ ओट्यावर बसले होते, बायडाबाई, त्यांची बायको, शेजारी मेथी निवडत होती. मी सयाजीचं म्हणणं सांगितलं. बायडाबाईनं मान वर न करता विचारलं, की लग्नाबिग्नाचं हालतं चित्र काढून लोक फोनवर पाठवतात, ते तिकडं पोचतं का? मी म्हटलं, पोचतं की.

"मग चालताना काढून पाठव म्हणावं तिला," ती म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

दिवसातून दहा व्हिडिओ मी स्वतः स्टेटसला टाकते. मला तिथल्या तिथे ओटा दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी लगेच कल्याणीला लिहिलं, 'आबांना तुला चालताना बघायचंय, व्हिडिओ पाठव.' निळ्या खुणा उमटल्या, पण उत्तर आलं नाही.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी फोन घेऊन धावतच गेले. अकरा सेकंदांचा होता. कल्याणी नर्सच्या गणवेशात, दारापासून खिडकीपर्यंत हसत हसत चालत गेली, वळली, हात हलवला. चाल अगदी व्यवस्थित. बायडाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि देवाला हात जोडले. मलाही हायसं वाटलं. मी म्हटलं, बघा भाऊ, उगाच घोर लावून घेतला होता.

गेणभाऊंनी तो तीनदा बघितला. चौथ्यांदा बघताना त्यांनी पडद्यावर तिच्या चेहऱ्याखाली, पार तळाशी बोट ठेवलं.

"हे खाली लाल काय हाय?"

मी डोळे बारीक करून बघितलं. गालिचा होता. चांगला जाड, पावलं रुतत होती.

"तिच्या खोलीत पांढरी फरशी हाय," गेणभाऊ म्हणाले. "दर शुक्रवारी दिसायची. ही दुसरीकडं जाऊन चाललीय."

मला कळायला क्षणभर लागला. बेल्ह्याच्या बाजारात कासरा धरून उभी राहिलेली पोर ती. दुखरा पाय कुठे लपतो हे तिला जगात एकाच माणसानं शिकवलं होतं, आणि आता तिनं ते त्याच्यावरच चालवलं होतं. गेणभाऊंनी मला आवाजात निरोप पाठवायचं बटण कुठलं ते विचारलं. अंगठ्यानं दाबून धरलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"कल्याणी, गालिच्यावरनं उतर. फरशीवर चाल."

उत्तराला दोन तास लागले. मी दुकान उघडलंच नाही, तिथेच बसून राहिले. मग दुसरा व्हिडिओ आला. पांढरी फरशी, अनवाणी पावलं. सहा पावलं चालली ती, आणि प्रत्येक पावलाला डावा पाय मागे राहत होता. ह्या वेळी ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. चित्रामागे तिचा आवाज होता. जिन्यावरून घसरले, आबा. दोन महिने झाले, प्लास्टर निघालंय, पण पाय अजून नीट टेकवत नाही. इथली कराराची मुदत संपायला सात महिने आहेत. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही परत बोलावलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

बायडाबाई भिंतीला टेकली. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण गेणभाऊंनी पुन्हा बटण दाबून धरलं होतं. आवाज नेहमीसारखाच बारीक होता, फक्त शब्दाशब्दाला थांबत होते.

"बाजारात खोड लपवत्यात ती जनावर इकायचं असतं म्हणून. तुला आमाला कुठं इकायचंय, पोरी? ये, नायतर ऱ्हा, तुझं तू ठरव. पर लंगडायचं आसंल तर आमच्यापुढं लंगड."

बोलणं संपलं तरी बटणावरचा अंगठा काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे बायडाबाईचं रडणंही त्याच निरोपात तिकडे गेलं.