घड्याळाचा हात

अन्याय झाला तो माईकबाईंवर. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळच्या मराठी बातम्यांत. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं, ही शिकवण त्यांचीच.

चंद्रपूर-गडचिरोलीतून टीव्हीला बातम्या पाठवणारी पहिली बाई त्या. पण तुम्ही त्यांना पाहिलं असेल ते फक्त मनगटापर्यंत. सावळा हात, त्यावर मोठं पुरुषी घड्याळ, मुठीत माईक. समोर कुणी म्हातारी बोलतेय, कुणी मजूर. हात हलत नाही. वर आवाज स्टुडिओतल्या निवेदिकेचा आणि खाली अक्षरं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

मी तेव्हा ऊर्जानगरला, वीज मंडळाच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरात बसून मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. छापायच्या आधी बाईंना दाखवायला त्यांच्या खोलीवर जायचे. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेला माईक. दुसरं माणूस त्या खोलीत मी कधी पाहिलं नाही. बाई पेन घेत आणि 'अमानुष', 'निर्लज्ज', 'नराधम' एकेक करून खोडत. "कोण, कुठी, कधी, एवढं लिही. राग वाचणाऱ्याले येऊ दे पोरी. तूच सगळा खाऊन राह्यली."

नागपूरहून कॅमेऱ्याची जीप यायची. बाई प्रत्येक बातमीच्या शेवटी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून चार वाक्यं बोलायच्या आणि दूरदर्शन केंद्रात ती चार वाक्यं दर वेळी कापली जायची. भाषा शुद्ध नाही, असं कारण होतं. बाई कॅमेऱ्यापुढे माझ्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. मग खरं कारण काय, ते मी एका पत्रकात जातीसकट लिहून टाकलं. बाईंनी तो परिच्छेद आडवा कापला. "तुयापाशी पुरावा आहे काय?" नव्हता. "माह्यापाशीबी नाई. म्हणून तं झोप येत नाई."

बातमी दाखवली गेली की दुसऱ्या दिवशी त्या केंद्राला पोस्टकार्ड टाकत. मजकूर ठरलेला: 'कालच्या बातमीत माझा हात दाखवल्याबद्दल आभारी आहे. बाकीची मी इथेच आहे.' उत्तर कधी आलं नाही.

त्या मे महिन्यात मात्र केंद्रातून निरोप आला, या वेळी तुम्हाला दाखवणार. बातमी भामरागडकडच्या एका गावाची होती. तिथे कागदावर शाळा होती, हजेरीपट होता, गुरुजी वर्षभर नव्हते. बाईंनी त्या गावात तीन दिवस काढले होते. सोमवारी बाई वीज मंडळाच्या बसने आमच्या क्वार्टरात टीव्ही पाहायला आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, केसांना तेल. आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. आईने बाईंना पुढची खुर्ची दिली, पण त्या मागे दाराजवळ बसल्या.

बातमी आली. रिकामी शाळा आली, बोलणारी म्हातारी आली, हात आला. मग बाई कॅमेऱ्याकडे वळतील, तिथेच चित्र तुटलं आणि निवेदिका पुढच्या बातमीला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, तुमची घडी तं मस्त दिसली."

"हो," बाई म्हणाल्या. "टाइम बरोबर होता."

चहा न घेता त्या निघाल्या.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर त्या गावाला गेले. आलापल्लीपर्यंत एक बस, पुढे दुसरी, मग पायी. गावात वीज नव्हती, म्हणजे बातमी कुणी पाहिलीच नव्हती. बाईंचा नेमच होता, बातमी झाली की परत जाऊन सांगायची. "ज्याची बातमी त्यालेच नाई सांगितली, तं ते चोरी झाली." मोहाच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी अख्खी बातमी गोंडीत सांगितली. आपली कापलेली चार वाक्यंही सांगितली. लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. असं त्यांच्याकडे पाहणारी माणसं मी तेवढीच पाहिली.

मग बातमीतल्या त्या म्हातारीने काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, तू दिसली काय?"

बाईंनी घड्याळाचा हात वर करून दाखवला. म्हातारीला गंमत वाटली. हसत हसत तिने तो हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

दोन वर्षांनी जीप आली ती माईक परत न्यायला. पावतीवर सही घेतली आणि गेली. बाईंनी गडचिरोलीत एका शाळेत नोकरी धरली. मी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "बाई, आज माईक कुठी आहे?" त्या म्हणाल्या, "सुटीवर." खिडकीतून मला बजावलं, "माह्यावर पत्रक काढू नोको." बस सुटली. हात हलवायला त्यांनी डावा बाहेर काढला, घड्याळ नसलेला.

हे पत्रक नाही, बाई. रागाचं एकही विशेषण छापखान्यात गेलेलं नाही.

वाचणाऱ्यांनो, त्यांचं नाव मला माहीत आहे, पण मी इथे लिहीत नाही, कारण ते मी लिहून भागणार नाही. ज्यांनी कापलं त्यांनीच ते पडद्यावर लिहायचं आहे. तुम्ही तो हात पाहिलाय. आज एक पोस्टकार्ड घ्या, केंद्राला एकच ओळ लिहा: 'तो घड्याळाचा हात कोणाचा?' खाली स्वतःचं नाव घाला, पूर्ण. आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी लिहा.