चित्रात नसलेले सलीमभाई

देवघरातले निर्माल्य रोज थोडेथोडे साचते. ते पुन्हा देवाला वाहता येत नाही आणि केरात टाकवतही नाही. आमच्या कचेरीतल्या गोष्टींचे तसेच झाले आहे. चिकलठाण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत निवृत्तीनंतरही मला कागदपत्रे लिहिण्यासाठी ठेवून घेतले आहे. सकाळची पूजा आटोपून मी येतो आणि संध्याकाळपर्यंत ओंजळ भरते.

*

शेंद्र्याच्या एका कारखान्यासाठी लिहिलेला आमचा प्रोग्राम इतका जुना, की तो संपूर्ण कोणालाच कळत नव्हता. म्हणून साहेबांनी एक टूल आणले. ते कोड वाचून चित्र काढते. प्रत्येक भागाची एक चौकट, आणि कोण कोणाला कामाला लावतो ते सांगणारे बाण.

साहेबांनी जाहीर केले, "ज्या चौकटीला बाण नाही, ती काढून टाकायची. तिचा माणूसही."

अशी चौकट एकच निघाली. खुलताबादच्या सलीमभाईंची. मालाच्या गाड्यांचे गेटपास छापणारा भाग त्यांनीच लिहिला होता, तेच सांभाळत होते.

ते म्हणाले, "साहेब, वजनकाट्यावरचा माणूस बटण दाबतो, तवा माझं काम सुरू होतं. बाण बाहेरून येतो. चित्राला बाहेरचं दिसत नाय."

"मग पगारही बाहेरूनच घ्या."

महिनाअखेरपर्यंत बाण दाखवा, नाहीतर घरी बसा, एवढी मुदत मात्र मिळाली.

*

चित्र पडद्यावर मावेना, म्हणून ते फ्लेक्सवर छापायला मला गुलमंडीवर पाठवले. फ्लेक्सवाल्याने ते उलटसुलट न्याहाळले.

"काका, वाढदिवस कुणाचा? फोटो कुठं टाकू?"

हे मी साहेबांना हसत सांगितले. साहेब हसले नाहीत. त्यांनी फोटो पाठवून दिला.

तो मधोमध छापला गेला आणि त्याखाली हिशेबाचा सगळा भाग झाकला गेला. नवी मुले विचारू लागली, "यात हिशेब कुठं आहे?"

सलीमभाई म्हणाले, "साहेबांच्या कोटाखाली बघा."

*

खंडेनवमीला कचेरीत संगणकांची पूजा होते. ती माझ्याकडे असते. यंदा चित्रही पूजेला होते. स्वागतकक्षातल्या वैशालीताईंनी भाविकपणे काही चौकटींना कुंकवाची बोटे लावली.

सुट्टी संपताच कारखान्याचे अधिकारी आले. "हे लाल काय?"

"धोक्याच्या जागा," साहेब तत्काळ उत्तरले. "आमची माणसं कामाला लागली आहेत."

आणि माणसे खरोखरच त्या चौकटी तपासायला लावली. शेवटी वैशालीताईंनी भीत भीत खरे सांगितले. साहेब चित्राजवळ गेले.

"मग सलीमच्या चौकटीला कुंकू का नाही?"

"ती लई वर कोपऱ्यात आहे, साहेब. हात पुरला नाही."

"बघा. कोणालाच लागत नाही ती."

मी जन्मभर मूर्तीपुढे बसलो आहे. मूर्ती ही खूण असते, एवढे माझ्यासारख्या साध्या भक्तालाही कळते. साहेबांची निष्ठा माझ्याहून कडवी.

*

मुदत संपत आली तेव्हा मीच कागदावर पेनाने वजनकाटा आणि तिथून सलीमभाईंच्या चौकटीपर्यंत एक बाण काढून साहेबांपुढे ठेवला.

"काका, हा खरा असेल," ते म्हणाले, "पण टूलने काढलेला नाही."

शाल आणि नारळ देऊन सलीमभाईंना निरोप दिला. नारळ मीच आणला होता.

*

सलीमभाईंची चौकट प्रोग्राममधून काढून टाकली. दुसऱ्या सकाळी कारखान्यात एकही गेटपास छापला जाईना. गाड्यांची रांग करमाडच्या दिशेने वाढत गेली. फोन आला, तेव्हा साहेबांनी चित्र पाहून सांगितले, "आमच्याकडे काहीही अडलेलं नाही."

कारखान्याने अखेर सलीमभाईंनाच घरून बोलावून घेतले. साहेब आणि मी तिथे पोहोचलो, तेव्हा फाटकाबाहेर टेबल टाकून ते हाताने पास लिहीत होते. साहेबांनी ते पाहिले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"काका, सलीमना चित्रात घ्या."

"आणि कामावर?"

"आधी चित्र पूर्ण होऊ द्या."

बाहेरच्या माणसासाठी त्या टूलमध्ये काड्यांची एक आकृती असते. गोल डोके, दोन हात, दोन पाय. ती मी चौकटींच्या बाहेर ठेवली, खाली नाव लिहिले आणि पडदा सलीमभाईंकडे फिरवला.

त्यांनी निरखून पाहिले. पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि पुढच्या गाडीचा पास लिहायला घेतला.

"बाकी समदं बरोबर हाय, काका. दाढी तेवढी राहिली."