फोटोत वास येत नाही

होटगी रोडवरच्या एका हॉटेलाबाहेर मी माझी पुणे पासिंगची इलेक्ट्रिक कार चार्जिंगला लावली होती. साठीचे एक गृहस्थ आले, बॉनेटपाशी वाकले आणि त्यांनी खोल श्वास घेऊन गाडीचा वास घेतला. मग टोपी सारखी करत मला म्हणाले, "रागावू नका. आमच्या मंडळीला पेट्रोलच्या वासानं उलट्या हुत्यात. रेल्वे तेवढी चालती. पण लेक दिलीय वेळापूरला, तितं रेल्वे न्हाय. लेकीचं घर अजून हिनं बघितलं न्हाय."

"इथल्या शोरूममध्ये विचारलंत का?"

"समदी पालथी घातली. मोबाईलवर फोटू दावत्यात. आधी बुकिंग करा, गाडी पुण्यास्नं येईल म्हणत्यात. फोटूत वास कळतो व्हय?"

त्यांच्या पत्नी जरा लांब सावलीत उभ्या होत्या. मी चार्जर काढला आणि दोघांना मागे बसवलं. गाडी किती पळते, केवढ्याला पडली, त्यांनी काहीच विचारलं नाही. मला आरशात दिसत होतं, प्लास्टिकची पिशवी उघडून धरून ते बायकोच्या चेहऱ्याकडेच बघत होते. बाईंनी पदर नाकाशी दाबला होता. विमानतळ मागे पडल्यावर त्यांनी तो हळूच सोडला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"वळू का मागे?" मी विचारलं.

गृहस्थ बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "एवढ्यात? जरा पुढं घ्या की."

तेव्हा कुठे गृहस्थांनी मला गाडीबद्दल पहिला प्रश्न केला. "पुण्यात कुटं मिळाली ही?"