आवाज थांबला की थांबायचं

आमच्या साइटवरच्या क्रेनवाल्या काकांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणायचे. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर राग आला नाही. "हे नाव ठेवलं कोणी?" एवढंच विचारलं, आणि मग दोन दिवस प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघत होते.

क्रेनच्या शिडीला त्यांचं स्वतःचं कुलूप असायचं आणि किल्ली गळ्यात. वर चढण्याआधी ओझं बांधायचे सगळे पट्टे स्वतः चाचपून बघायचे, ते काम दुसऱ्याचं असलं तरी. बाटली कोणी जागची हलवली की त्यातलं पाणी ओतून द्यायचे. मुकादम "आज वारा नाही" म्हणाला की रुमाल काढून हवेत धरायचे. डबा बायकोने भरलेला, लग्नाला तीस वर्षं झालेली, तरी उघडला की आधी वास. हे शेवटचं मला काकूंनीच सांगितलं, आणि हसत सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर डबाच बंद केला असता.

मी त्यांची सिग्नलवाली. ते वर केबिनमध्ये, मी खाली जमिनीवर, हातात वॉकीटॉकी. ओझं दिसत असेल तर क्रेनवाल्याचं माझ्यावाचून फारसं अडत नाही. पण इमारतीच्या पलीकडे, जिथलं केबिनमधून काहीच दिसत नाही, तिथे माझा आवाज म्हणजेच त्याचे डोळे. या कामाचा एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. ओझं हलतंय तोवर सिग्नलवाल्याने सारखं बोलत राहायचं: खाली, खाली, खाली. आवाज थांबला की क्रेन थांबली पाहिजे. का थांबला, ते नंतर विचारायचं.

काका पलीकडचं काम घेतच नसत. बारा वर्षांपूर्वी असंच एक ओझं उतरवताना खाली एका मजुराचा पाय गेला होता. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. "सिग्नलवाला खाली, खाली म्हणत होता. त्याने बघितलंच नाही. मी त्याच्यावर विसंबलो." त्या सिग्नलवाल्याला काढून टाकलं, पुढे त्याला कोणी उभंसुद्धा केलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मलाही कळतं. पण ही गोष्ट मी चारदा ऐकली. चारही वेळा शब्द तेच, आणि मध्ये उसासा टाकायची जागाही तीच. खरी आठवण सांगताना माणसाचं काहीतरी मागेपुढे होतंच की. म्हणून मलाही त्यांचा संशय यायला लागला. संशय खोकल्यासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला लागतो.

मग ते यंत्र आलं. इमारतीला थंड हवा पुरवणारं, खोलीएवढं अवजड. ते मागच्या चौकात सिमेंटच्या ओट्यावर बसवायचं होतं आणि तिथे न्यायचा रस्ता एकच, इमारतीवरून. मुकादमाने काकांना माझ्यासमोरच सांगितलं, "काका, आठ दिवस देतो. हे तुम्ही उतरवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." काकांना सत्तावन्नावं चालू होतं. दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं, आणि क्रेनशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

ते आठ दिवस माझ्या परीक्षेचे. हुकाला पाण्याने भरलेली बादली लटकवायची आणि समोरच्या मोकळ्या जागेत उपड्या पिंपावर उतरवायची, थेंब न सांडता. "मी डोळे मिटलेत. बोल," असं वरून यायचं. डोळे खरंच मिटलेत यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. एकदा उतरली, दोनदा उतरली, सात वेळा उतरली. दुसऱ्या दिवशी मी डावीकडे म्हटलं की काका मुद्दाम उजवीकडे न्यायला लागले, माझं लक्ष आहे का ते बघायला. त्यावर मी जे बोलले ते वॉकीटॉकीवर सगळ्या साइटने ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी मी गाऱ्हाणं घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. घर दोन खोल्यांचं. काका-काकू ज्यू होते, आणि काकूंकडे त्यांच्या जुन्या शास्त्राची जाड प्रत होती, कोपरे झिजून गोल झालेली. माझं ऐकून काकू म्हणाल्या, "तुझीच परीक्षा घेतात असं नको समजूस. आमच्या शास्त्रात एक जण आहे. देवाने त्याला लढायला सांगितलं, तर हा म्हणतो आधी खूण दाखव. खळ्यात लोकर ठेवतो आणि म्हणतो, रात्रीच्या दवाने फक्त तीच भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. भिजली. तर म्हणतो, आता उलटं करून दाखव."

"मग?"

"तेही करून दाखवलं. तो दोनदा विचारून गप्प बसला. यांचं बारा वर्षं चालूच आहे."

आतल्या खोलीतून काकांचा खाकरण्याचा आवाज आला. आपण ऐकत नाही असं दाखवायची ही त्यांची रीत. काकूंनी आवाज मुद्दाम चढवला. "आणि त्यातच एका राणीची गोष्ट आहे. सगळे आपले लोक मरायचे वाचतात, पण अख्ख्या गोष्टीत देवाचं नाव एकदाही येत नाही. ना तो बोलतो, ना दिसतो. तरी जो माणूस जिथे हवा तिथेच असतो, आणि राजाला नेमकी हवी त्याच वेळी झोप येत नाही."

"नावच नाही, तर तो तिथे होता कशावरून?" आतून आलं.

"मग इतकं जुळलं कसं?"

"योगायोग."

काकू माझ्याकडे वळल्या. "यांना देव दिसायला हवा. आणि दिसलाच तर हे त्याच्याकडे ओळखपत्र मागतील."

घरी येताना माझा राग निम्मा उतरला होता. माझ्याकडे एकच माणूस सारख्या खुणा मागत होता, तर मी एवढी वैतागले. त्याच्याकडे तर सगळं जग मागतं. आयुष्यात पहिल्यांदा मला देवाची कीव आली.

आठव्या दिवशी काका म्हणाले, "चल." त्या दिवशी त्यांनी पट्टे दोनदा तपासले.

यंत्र इमारतीवरून नीट आलं. मी मागच्या चौकात उभी होते, चार माणसं ओट्याभोवती. मी बोलत होते आणि दोर माझ्या बोलण्याप्रमाणे खाली येत होता. खाली, खाली, सावकाश, खाली. यंत्राचा पाय ओट्यापासून चार बोटांवर आला आणि चौघांतल्या एकाला दिसलं की पायाखाली यायचं ओट्यावरचं रबर सरकलंय. कामात मुरलेला माणूसच ही चूक करतो. नवखा घाबरून लांब राहतो. याने सवयीने हात आत घातला, आणि हातमोजा ओट्यातून वर आलेल्या खिळ्यात अडकला.

मी "थांबा" म्हणायला हवं होतं. पण माझी वाचाच बसली. तोंड उघडं, आवाज नाही. वॉकीटॉकी टाकून मी धावले आणि गुडघे टेकून त्याचा मोजा ओढायला लागले. वर बघायचीही हिंमत होत नव्हती. ते अख्खं यंत्र आमच्या डोक्याशी होतं आणि वरचा माणूस असा, ज्याला मी सलग सात वेळा बादली उतरवून देऊनही पटले नव्हते.

यंत्र हललं नाही.

पुढचं मला नंतर कळलं. मुकादम पुढच्या बाजूला उभा होता, केबिनमधून ठळक दिसेल असा. वारा वाढत होता आणि दोर जागच्या जागी थांबलेला. त्याला वाटलं काका घाबरले. त्याने दोन्ही हात हलवून खाली, खाली अशी खूण केली, एकदा नाही, दहादा. त्याला चौकातलं काही दिसत नव्हतं, पण काकांना तो दिसत होता. ज्याने आयुष्यभर डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानलं, तो माणूस त्या दिसणाऱ्या हातांकडे बघत दीड मिनिट तसाच बसून राहिला आणि न दिसणाऱ्या बाईची वाट बघत राहिला.

मोजा फाटला, हात निघाला. मी वॉकीटॉकी उचलली आणि कसंबसं म्हटलं, "खाली." यंत्र बसलं.

काका उतरले तेव्हा मला वाटलं आता झाडाझडती होणार. त्यांनी विचारलं, "गप्प का झालीस?"

"आत माणसाचा हात होता."

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. चेहरा असा की मी पाणी पुढे केलं, आणि त्यांनी न हुंगता ते पिऊन टाकलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही नियम पाळलात. अजून काय हवं?"

"नियम बारा वर्षांपूर्वीही होता," ते म्हणाले.

मला लगेच काही कळलं नाही. काकाच पुढे म्हणाले, "बारा वर्षं भांडतोय मी त्याच्याशी. त्या दिवशी मला अडवलं का नाहीस म्हणून."

"कोणाशी?"

"जो दिसत नाही त्याच्याशी." मग खूप हळू, "अडवलं होतं त्याने. तुझी स्कूटर आहे ना? मला एके ठिकाणी सोड."

वाटेत मी विचारलं, "मुकादमाला कळलं तर?" बारा वर्षांपूर्वी चूक कोणाची होती, याचा आता मला अंदाज यायला लागला होता. "कळणारच. उद्या मीच सांगणार आहे," ते मागून म्हणाले. ज्या नोकरीसाठी आठ दिवस जीव काढला, ती हा माणूस दुसऱ्याच दिवशी आपल्या हाताने घालवायला निघाला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. खोटं बोलून त्यांनी एका माणसाचं आयुष्य मातीत घातलं होतं. पण राग आला नाही.

जुना सिग्नलवाला एका अरुंद बोळात तळमजल्यावर राहत होता आणि घरी बसून छत्र्या दुरुस्त करत होता. दार बंद होतं. काकांनी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

काकांनी पुन्हा कडी वाजवली.

"कोण आहे, बोला ना." आवाजात आता संशय होता.

काकांनी दारावर तळहात टेकला. "मी. क्रेनवाला. त्या दिवशी तू मध्येच गप्प झाला होतास. मला ते कळलं होतं. वाटलं, दम घेतोयस. मी थांबलो नाही."

आत काहीतरी खाली पडलं. पावलं दारापर्यंत आली आणि दाराच्या पलीकडेच थांबली. कडी निघाली नाही. मला वाटलं, काकांना हाताला धरून परत न्यावं.

मग आतून आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. "पुन्हा सांग."

काकांनी पुन्हा सांगितलं.