रेघेच्या अलीकडचा माणूस

आमच्या फुटबॉल क्लबात खिळा नावाचा एक डावा फुलबॅक होता. हे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. एकदा ठोकला की जागचा हलत नाही, म्हणून प्रेक्षकांनी ठेवलं आणि त्याने ते कौतुक समजून स्वीकारलं. मी क्लबच्या कार्यालयात हिशेब पाहतो. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मैदान दिसतं, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द मी बसल्या जागी पाहिली आहे.

फुलबॅक म्हणजे बचावफळीच्या कडेला उभा राहणारा खेळाडू. पूर्वी त्याचं काम समोरच्याला अडवण्यापुरतं होतं. हल्ली त्याने पुढे धावत जायचं, प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर चेंडू टाकायचा आणि लगेच मागे येऊन पुन्हा अडवायला उभं राहायचं, अशी अपेक्षा असते. खिळा पूर्वीच्या पद्धतीचा होता. किती पूर्वीच्या? त्याने आयुष्यात एकदाही मैदानाची मधली रेघ ओलांडली नव्हती.

मी मीठमसाला लावून सांगत नाही. त्याच्या पहिल्या सामन्याआधी तेव्हाचे प्रशिक्षक, मोठे तापट गृहस्थ, त्याला म्हणाले होते, "रेघेपलीकडे गेलास तर परत येऊ नकोस." दुसऱ्या कोणी ही धमकी समजून सोडून दिली असती. खिळ्याने ती सूचना समजून पाळली. परत यायचं नसेल तर जायचं कशाला, असा सरळ विचार त्याने केला आणि विषय संपवला. पुढे ते प्रशिक्षक क्लब सोडून गेले, नंतर जगही सोडून गेले, पण सूचना मागे घ्यायची राहून गेली.

आता कोणी विचारेल, मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा हा गृहस्थ काय करायचा? त्याचीही व्यवस्था होती. पलीकडच्या अर्ध्या मैदानात असण्याला त्याची हरकत नव्हती, रेघ ओलांडण्याला होती. आणि त्याच्या मते चुना संपला म्हणून रेघ संपत नाही, ती क्लबच्या कुंपणापर्यंत चालूच असते. रस्ता मात्र नगरपालिकेचा, तिथे क्लबच्या रेघेची हुकमत नाही. म्हणून मध्यंतराची शिट्टी झाली की तो पुढच्या फाटकातून रस्त्यावर जायचा, लाँड्री आणि बेकरीवरून वळसा घालायचा आणि मागच्या फाटकाने मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात उतरायचा. इतर खेळाडू तेव्हा चहा पीत असत. मध्यंतराचा चहा काय असतो हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

लाँड्रीवाला इस्त्री फिरवता फिरवता विचारायचा, "काय, कितीने पुढे?"

"आमच्याकडे शून्य."

"आणि त्यांच्याकडे?"

"तिकडचं मला कसं माहीत असणार?"

निवृत्तीनंतर क्लबने त्याला बचावाचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतलं. त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिची जीभ तिच्या यंत्रासारखी होती, थेट हाडापर्यंत जायची. एकदा मी घरी गेलो असताना ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भावजी, यांच्या पायांची फिल्म काढली ना, तर त्यातसुद्धा रेघ दिसेल. आमचं स्वयंपाकघर म्हणजे यांचं पलीकडचं अर्धं. इतक्या वर्षांत उंबरा ओलांडून आले असतील तर शपथ."

"अगं, तिथे तू असतेस ना," खिळा म्हणाला.

"म्हणजे मी प्रतिस्पर्धी?"

"तसं नव्हे. कोणीतरी आहे, मग मी इकडचं सांभाळतो."

हे तो अगदी मनापासून बोलला. ती कपाळावर हात मारून आत गेली.

मग क्लबात नवे मुख्य प्रशिक्षक आले. वय लहान, अभ्यास मोठा, सतत लॅपटॉप उघडलेला. आमच्या युवा संघात एक डावा फुलबॅक होता, पाय असे की गवताला कळायच्या आत निघून जायचा. त्याला आक्रमक फुलबॅक म्हणून घडवायचा, असं त्यांनी ठरवलं. घडवणार कोण? त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या. क्लबकडून डाव्या बॅकच्या जागी सर्वांत जास्त सामने खेळलेला माणूस खिळा. झालं, नाव पक्कं केलं. तो कसा खेळला हे त्यांनी विचारलं नाही. आणि आम्ही सगळे, ज्यांना ठाऊक होतं, त्या बैठकीत एकमेकांकडे पाहत बसलो.  खिळाही. त्याला वाटलं, साहेबांनी विचार करूनच ठरवलं असणार.

त्या पोराला सगळे पाहुणा म्हणत. कारण आपल्या अर्ध्यात तो पाहुण्यासारखाच यायचा, क्वचित आणि सावकाश. पुढे जायचा तो वाऱ्यासारखा आणि परत यायचा तो जेवण झाल्यावर फेरफटका मारल्यासारखा. तोवर त्याच्या रिकाम्या जागेतून समोरच्या संघाची वरात निघून गेलेली असायची.

पहिल्या दिवशी खिळ्याने त्याला हाताला धरून रेघेपर्यंत नेलं. बालवाडीच्या दारात आई जशी थांबते तसा तो रेघेच्या अलीकडे थांबला आणि म्हणाला, "हे बघ, या कडेचं इथून पुढचं मला काही माहीत नाही. तू जाऊन ये आणि काय दिसलं ते सांग."

"काय दिसलं म्हणजे, काका?"

"गावाला जाऊन आल्यावर माणूस सांगत नाही का? तसं."

पाहुणा गेला आणि आला. "कोपऱ्यात गवत आखूड आहे," म्हणाला.

"बरं. माणसं कशी आहेत?"

"माणसं बघितली नाहीत."

"मग कशाला गेला होतास? पुन्हा जा."

असं रोज चाललं. मला खिडकीतून हे पाहताना आधी हसू यायचं, मग कामाचा खोळंबा व्हायला लागला. सरावाला समोर शेजारच्या क्लबाचा संघ असायचा. पाहुणा धावत जायचा, चेंडू टाकायचा आणि येऊन खबर द्यायचा. त्यांचा उजवा बॅक डावीकडे मान वळवत नाही. गोलकीपर पुढे येताना आधी दोन्ही हात पुसतो. खिळा डोळे मोठे करून ऐकायचा, मधेच विचारायचा, "हात कशाला पुसतो? घाम येतो का रे तिकडे?" आल्यावर सगळं सांगायचंय म्हटल्यावर पोराला जाताना बघावंच लागायचं. आणि बघायला लागल्यावर त्याचे पास नेमके पडू लागले. मुख्य प्रशिक्षक लॅपटॉप घेऊन मैदानात आले आणि म्हणाले, "खिळेकाका, ही पद्धत कुठली?"

"चौकशीची," खिळा म्हणाला.

परत येण्याचं मात्र काही जमेना. खिळा रेघेशी दोन्ही हात जोडून उभा राहायचा. "या, या पाहुणे. बऱ्याच दिवसांनी येणं केलंत. पाणी आणू?"

"काका, आलो ना."

"आलात हो. तोवर घर धुऊन नेलं त्यांनी. बसा, निवांत बसा."

पाहुणा ओशाळून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच सावकाश यायचा.

हंगामाच्या शेवटी कार्यकारी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. भिंत पक्की हवी, हा त्यांचा एकच आग्रह. त्यांनी सांगितलं, "शेवटचा घरचा सामना त्या पोराला खेळवा. त्याच्या बाजूने गोल आला नाही तर मोठ्या संघाचा करार देऊ. आला तर त्याने दुसरा क्लब बघावा."

हे ऐकून खिळा थेट माझ्या टेबलाशी आला. पाहुण्याचे वडील नव्हते, घरात एक थोरली बहीण, आणि फुटबॉलशिवाय त्या पोराला जगात काही येत नव्हतं. नोकरीसाठी त्याला कुठे चिकटवायचा तर तिथूनही तो पुढे धावत गेला असता. खिळा मला म्हणाला, "मी त्याला अर्धाच घडवला. माझ्याकडे अर्धंच होतं."

"उलट," मी म्हणालो, "तुला येत नव्हतं ते त्याला आलं, आणि तुला येतं तेच राहिलं."

"तेच तर," असं म्हणून तो निघून गेला.

सामन्याच्या दिवशी तो नेहमीसारखा रस्त्यावरून वळसा घालून आमच्या संघाच्या बाकावर येऊन बसला. बाक मागच्या फाटकाकडच्या अर्ध्यात, कपडे बदलायच्या खोल्या पुढच्या फाटकाकडे. हल्ली सामना सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी मागच्या फाटकाला कुलूप लागतं, खिळ्याच्या काळी लागत नसे. म्हणजे शेवटची शिट्टी होईपर्यंत खिळा तिथेच अडकलेला.

समोर तोच शेजारचा क्लब होता. पूर्वार्धात पाहुण्याने कमाल केली. त्यांच्या उजव्या बॅकने मान वळवली नाही, गोलकीपरने हात पुसले आणि तेवढ्यात पाहुण्याचा पास आमच्या पुढच्या गड्याच्या डोक्यावर. गोल! प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

उत्तरार्धात आमची बचावाची बाजू बाकासमोर आली. सामना संपत आला असताना पाहुणा पुन्हा पुढे गेला. या वेळी चेंडू हिसकावला गेला. त्यांचा उजव्या कडेचा गडी मोकळ्या जागेतून सुटला. समोर कोणी नाही. पाहुणा पार त्या टोकाला, कमरेवर हात ठेवून.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पण कळलं उशिरा. बाकावरून एक माणूस उठला. अंगात स्वेटर, पायात चामडी बूट, हातात चहाचा कप. तो तिरका धावत मैदानात शिरला, त्या गड्याच्या पायातून चेंडू अलगद, जसा पूर्वी काढायचा तसा, काढून घेतला आणि चालू लागला. त्याला अडवायचं कोणाला सुचलंच नाही, कारण अडवायचं असतं खेळाडूला. पंचही क्षणभर शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. खिळा चेंडू घेऊन मधल्या रेघेपर्यंत आला, तिथे थांबला, चेंडूवर पाय ठेवला आणि चहाचा एक घोट घेतला.

मग शिट्टी वाजली. लाल कार्ड निघालं. पंच ओरडले, "बाहेर व्हा! कपड्यांच्या खोलीत जा!"

"जातो साहेब. तेवढं मागचं फाटक उघडायला सांगा."

"मागचं कशाला? ती काय खोली समोर!"

"समोर रेघ आहे."

"कसली रेघ?"

खिळ्याने बोट दाखवलं. पंचांनी खाली पाहिलं. ती रेघ आजच कोणीतरी आणून टाकली असावी, असा त्यांचा चेहरा झाला. समोरच्या संघाचा कर्णधार वैतागून म्हणाला, "अहो, यांना कोणीतरी उचला!" दोघेजण उचलायला पुढे झाले. खिळा म्हणाला, "उचलाल, पण मागे जागा मोकळी राहील, त्याचं काय?"

तेवढ्यात पाहुणा आला. त्या टोकापासून इथवर, छाती फुटेल असा धावत आला. आयुष्यात इतक्या वेगाने तो मागे कधी आला नव्हता.

"या पाहुणे," खिळा म्हणाला. "उशीर केलात."

पाहुण्याला दम लागला होता. "काका, तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "इथे मी आहे."

खिळ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला घेऊन बचावाच्या जागेपर्यंत मागे गेला, खांद्याला धरून किंचित डावीकडे सरकवलं. "इथे. आणि मान मोकळी ठेव." मग कप त्याच्या हातात दिला, पुन्हा रेघेपाशी आला आणि गार पाण्यात उतरताना माणूस आधी अंगठा बुडवतो तसा एक बूट पलीकडे टेकवला. काही झालं नाही. दुसरा टेकवला. मागे वळून पाहिलं. पाहुणा जागेवर होता.

मग तो पलीकडच्या अर्ध्यातून परगावी आलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघत चालला. पंच घड्याळ दाखवत ओरडत होते. कोपऱ्यापाशी तो वाकला, हात फिरवला आणि लांबून ओरडला, "खरंच आखूड आहे रे!"

त्याच्या घुसखोरीबद्दल समोरच्या संघाला फ्री किक मिळाली आणि तिच्यावर गोल झाला. सामना बरोबरीत सुटला.

सामन्यानंतर मंडळाची बैठक झाली, तिचं इतिवृत्त मी लिहीत होतो. अध्यक्ष म्हणाले, "गोल डाव्या बाजूनेच आला. अट म्हणजे अट."

मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "गोल झाला तेव्हा पाहुणा जागेवर होता. कप हातात घेऊन, फ्री किक अडवायला खेळाडू रांगेने उभे राहतात त्या भिंतीत उभा होता."

"पण त्याआधी नव्हता."

"त्याआधी खिळेकाका होते."

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. "म्हणजे जागा रिकामी अशी कधी नव्हतीच?"

"नव्हती."

"मग अडचण काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं, आणि करार मंजूर झाला.

त्या संध्याकाळी खिळा घरी जाऊन थेट स्वयंपाकघरात उभा राहिला म्हणे. बायको दचकली. "काय हवंय?" "काही नाही. म्हटलं बघावं कसं आहे." तिने त्याच्या हातात कांदे आणि सुरी दिली. "आलाच आहात तर चिरा."

फुटबॉल संघटनेने त्याला बरेच महिने बाकावर बसायला बंदी केली. हल्ली तो प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसतो. पाहुणा मोठ्या संघात खेळतो, पुढे जातो, पास टाकतो. परत यायला जरा रेंगाळला की आमच्या बाकावरून कोणीतरी नुसतं ओरडतं, "काका उठले रे!" पाहुणा वर बघतो. खिळा खरंच अर्धा उठलेला असतो, एक हात कठड्यावर, एक पाय पायरीवर. पाहुणा जीव तोडून मागे धावत सुटतो. आपल्या जागेवर येऊन उभा राहतो आणि वर हात करतो.

मग खिळा खाली बसतो.