बसच्या वेळेवर पडणारा धबधबा

१९८६च्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, हवाईतल्या एका दरीत लेइलानी नावाच्या बाईवर अन्याय झाला. तिथे सगळे तिला आँटी म्हणतात. पुलाखालच्या पाच खाचरांत ती अळू पिकवते. अन्याय करणाऱ्यांची यादी लांब आहे. त्यात माझंही नाव आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मी सिव्हिल इंजिनिअर. नागपूरहून शिकायला आले आणि होनोलुलूच्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये लागले. त्या दरीच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट आहे. तिथला धबधबा बघायला टूरच्या बसेस येतात. धबधब्याच्या वर रिसॉर्टने छोटा बंधारा घातलेला. त्याचं परमिट त्यांना वाढवून हवं होतं. त्यासाठी खाली ओढ्यात पुरेसं पाणी उरतं का, याचा रिपोर्ट लागतो. तो माझ्याकडे आला.

रिसॉर्टने जीप पाठवली आणि मला बरोबर साडेदहाला ओढ्यावर उतरवलं. मी करंट मीटर लावला. म्हणजे काठीला बसवलेला छोटा पंखा. पाणी जितकं जोरात, तितका तो भरभर फिरतो. छान फिरला. मग पुलावरूनच अळूची खाचरं पाहिली. पाणी साचलेलं दिसलं. मी रिपोर्टात लिहिलं, "अळूला साचलेलं पाणी चालतं."

हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. आमच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर आईचं अळू माजलेलं असायचं, तेवढा माझा अभ्यास. कॉलेजात पाण्याच्या हक्कावर पत्रकं लिहून वाटणारी मी, पण पुलाखाली उतरून त्या बाईला एक प्रश्न विचारला नाही.

माझा बॉस डग याला ते वाक्य फार आवडलं. "शॉर्ट अँड क्लिअर," तो म्हणाला.

महिन्याभराने टेक्सासमधल्या शुगर लँडहून बाबांचे मित्र मेश्रामकाका आणि काकू आले. त्यांना धबधबा दाखवायला मी टूरच्या बसमध्ये बसले. वाटेत टायर पंक्चर झाला. पोचायला बारा वाजले. समोर ओला काळा कडा. पाणी नाही.

"हे काय गं?" काका कॅमेरा काढून उभे. "इथेही पाणी जातं का, आपल्या वस्तीसारखं?"

ड्रायव्हर वॉकीटॉकीत बोलला, "लेट बस. वन मोअर टाइम, प्लीज."

पाच मिनिटांत धबधबा सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ, याला म्हणतात सर्व्हिस!" काका खूष.

"अहो, धबधबा आहे की नळ?" काकू म्हणाल्या.

नळच होता. बंधाऱ्याला व्हॉल्व्ह होता. बस आली की सोडायचा, गेली की बंद. एरवी सगळं पाणी पाइपने गोल्फ कोर्सला. मी मोजलं ते बसच्या वेळेचं पाणी.

काका-काकूंना बसमध्ये बसवून मी पुलाखाली उतरले. आँटी गुडघाभर चिखलात उभी होती.

"मोजणारी पोरगी तूच ना? पुलावरून हात हलवून गेलीस."

"आँटी, अळूला साचलेलं पाणी चालतं ना?"

"चप्पल काढ. आत ये."

पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं. तिने एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. खालचा कांदा, म्हणजे अळूचा कंद, बोटांनी दाबला गेला आणि वास आला. आपण पानं खातो; इथे मुख्य खाणं म्हणजे तो कांदा. तो थंड, वाहत्या पाण्यातच पोसतो. पाणी थांबलं की उन्हाने तापतं आणि कांदा कुजतो. पाचपैकी तीन खाचरं गेली होती. पुढची लावणी उरलेल्या दोनांतल्या रोपांवर होती. तीही गेली तर लावायला काहीच उरणार नव्हतं.

मी तिला आईच्या अळूचं सांगितलं.

"मग तो रिपोर्ट आईच्या अळूवर लिहायचा," ती म्हणाली.

सोमवारी डगला म्हटलं, "रिपोर्ट दुरुस्त करायचाय. धबधबा बंद असतो. मी पाहिला."

"यू वेअर ऑन व्हेकेशन. सुट्टीत पाहिलेलं म्हणजे डेटा नव्हे."

पुढच्या रविवारी परत गेले. मीटर ऑफिसचा, तो मागितला नाही. संत्री नेली. ओढ्यात संत्रं सोडायचं, ठरावीक अंतर जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. ही जुनी पद्धत आहे आणि सरकारी कागदावरही चालते. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत, दर तासाला. मी वर घड्याळ धरून, आँटी खाली संत्रं पकडायला. बसच्या दोन वेळा सोडल्या, तर संत्रं दगडांतच अडकून बसायचं. आँटी पहिले दोन तास वाट बघत राहिली. नंतर तिने बसायला खुर्ची आणली.

परमिटच्या सुनावणीत रिसॉर्टच्या वकिलाने माझं वाक्य मोठ्याने वाचलं. मी उठले.

"ते वाक्य माझं आहे. चुकीचं आहे."

"तुम्हाला अळूच्या शेतीचा अनुभव किती?"

"काहीच नाही. म्हणूनच लिहिलं."

लोक हसले. डग हसला नाही. मी संत्र्यांचा तक्ता पुढे ठेवला. वकिलाने एक जाड फाइल ठेवली. टूरिस्टांची पत्रं. धबधबा फार आवडल्याची. पाणी दिवसभर सोडलं तर धार बारीक पडेल, तो म्हणाला, आणि पाहुण्यांना ते खपणार नाही.

निकाल लागला: निम्मं पाणी दिवसभर ओढ्यात सोडायचं. आँटीची दोन खाचरं वाचली. तीन अजून कोरडी आहेत. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. एवढं शिकले की पाणी मोजण्याआधी ते कोणी सोडलंय हे विचारावं, आणि ज्याला मिळत नाही त्यालाच विचारावं.

उरलेल्या निम्म्या पाण्याची सुनावणी आता लागली आहे. ती जाड फाइल पुन्हा पुढे येईल. मी ती चाळली आहे. त्यात अमेरिकेतल्या नोव्हाय, रेडमंड अशा गावांची पत्रं आहेत, आपल्या मराठी आडनावांची. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण ते पाणी तुमचं नाव सांगून अडवलंय. तेव्हा परमिट देणाऱ्या कचेरीला आज एक पत्र टाका. दोनच ओळी पुरेत: "धार बारीक चालेल. पाणी खाली सोडा." आणि सही वाचता येईल अशी करा.