तळघरातली चाचणी

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याला शोभतही होतं. पलीकडच्या खोलीतला पंखा आता चार दिवसांचा सोबती आहे, हे हा पन्नाशीचा गृहस्थ बसल्या जागी सांगायचा. कंपनीचं ॲप होतं 'बोलवही'. गाडी चालवता चालवता माणसानं बोलावं, ॲपनं ते लिहून घ्यावं, कामांची यादी लावावी, निरोप धाडावेत. नवी आवृत्ती बाहेर जायच्या आधी कानसेननं ती गाडीत बसून तपासायची आणि अहवाल भरायचा. अहवालात चौथा प्रश्न असायचा: चालत्या गाडीत तपासलं का? कानसेन 'हो' लिहायचा. अकरा आवृत्त्या झाल्या, अकरा वेळा हो.

आता खरं सांगायचं तर ती गाडी ऑफिसच्या तळघरातून कधी हललीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी एका उतारावर त्याच्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक लागेनात. मागच्या सीटवर मुलगी होती. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली, कुणाला साधं खरचटलंही नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी सगळं विसरून गेली, हा मात्र विसरला नाही. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम फुटायचा. बायकोला हे ठाऊक होतं. ऑफिसात सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं डोकं लढवलं. तळघरात गाडी उभी, इंजिन सुरू, पंखा पूर्ण वेगात, आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलेले हॉर्न नि ट्रक. मधूनमधून तो दारावर बुक्क्याही मारायचा. एवढ्या खटाटोपापेक्षा गाडी चालवणं सोपं होतं, पण भीतीपुढे कुणाचं शहाणपण चालतं?

सोमवारी साहेबांनी एक तक्रार त्याच्या पुढ्यात टाकली. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी एक नर्स होती. एका घरून दुसऱ्या घरी जाताना ती 'बोलवही'त नोंदी बोलून ठेवायची. एका आजोबांचं इन्सुलिन डॉक्टरांनी निम्मं केलं. तिनं ते बोलून ठेवलं, पण नोंद गायब झाली आणि संध्याकाळच्या नर्सनं पूर्ण डोस दिला. आजोबा बेशुद्ध पडले. थोडक्यात वाचले, पण हिच्यामागे चौकशी लागली. मी बोलले होते, एवढंच ती सांगत होती, आणि पुरावा काही नव्हता.

"शुक्रवारी तिच्या संस्थेला उत्तर द्यायचंय," साहेब म्हणाले. "मी लिहून ठेवलंय. चालत्या गाडीत अकरा वेळा तपासलं, दोष सापडला नाही, बाईंचीच नजरचूक. तू फक्त तिला एकदा भेटून ये, म्हणजे भेटलो असं म्हणता येईल."

आपले अकरा हो आता त्या बाईची नोकरी खाणार, हे कानसेनला स्वच्छ दिसत होतं. पुढचे दोन दिवस तो तळघरात बसून बोलत राहिला, घसा बसेपर्यंत बोलला. एकही नोंद हरवली नाही. हरवली असती तर बरं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"अहो, भात चिवडताय नुसता," बुधवारी बायको म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग साहेबांना सांगून टाका."

"नोकरी जाईल."

"आणि तिची?"



गुरुवारी सकाळी तो नर्सच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसला. पट्टा लावला, तो लागलाय का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि दाराचं हँडल घट्ट धरलं. नर्सनं फोन समोर अडकवला. "मी रोजच्यासारखी नोंद करते, तुम्ही बघा," म्हणाली आणि सुरू झाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची जखम अजून ओली आहे, ड्रेसिंग उद्या सकाळी, डॉक्टरांना फोटो..." पुढे लाल दिवा लागला. गाडी थांबली. स्क्रीनवरचं पान कोरं झालं.

कानसेनला एका क्षणात उमगलं. गाडी थांबली की ॲपला वाटायचं प्रवास संपला, आणि अर्धवट नोंद ते फेकून द्यायचं. तळघरातल्या गाडीचा प्रवास कधी सुरूच झाला नव्हता, मग संपणार कुठून?

"कुणी दहा मिनिटं गाडी चालवली असती तरी हे दिसलं असतं," नर्स म्हणाली. "तपासलं कुणी होतं?"

आमच्या टीमनं, असं म्हणता आलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"मी," तो म्हणाला. "पण चालत्या गाडीत नाही. उभ्या गाडीत. मला गाडी चालवायची भीती वाटते."

दिवा हिरवा झाला, तिनं गाडी पुढे काढली. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

"त्या आजोबांच्या घरचे मला दारात उभं करत नाहीत," ती म्हणाली. "आत्ता जे बोललात ते या 'बोलवही'त बोला. तारखांसकट. ऑफिसात गेल्यावर तुमचं मन बदलेल."

त्यानं घसा खाकरला. "मी या ॲपचा तपासनीस. गेल्या अकरा अहवालांमध्ये मी खोटं..." लाल दिवा. पान कोरं. सांगायला लाज वाटते, पण कानसेनला त्या क्षणी हायसं वाटलं. नर्सनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"परत," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तो सांगता सांगता तळघरापर्यंत पोहोचला आणि पुन्हा सिग्नल आला. मग तिनं गाडी वळवली आणि शहराबाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लावली. "इथे सिग्नल नाहीत," म्हणाली. काटा ऐंशीवर गेला. दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात होते, कानसेनचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळे मिटायची सोय नव्हती, कारण मिटले की ती भिंत दिसायची. तो बोलत राहिला. तळघर, रेकॉर्ड केलेले हॉर्न, एकेका अहवालाची तारीख, गाडी थांबताच नोंद कशी पुसली जाते तेही. सिस्टरांची काही चूक नाही, हे तो दोनदा म्हणाला.

"नोंद पूर्ण," फोन म्हणाला.

"कुणाला पाठवायचं?" नर्सनं विचारलं. तिची नजर रस्त्यावर होती.

"आधी आमच्या साहेबांना," कानसेन म्हणाला. "मग तुमच्या संस्थेला. आत्ताच सांगा फोनला, गाडी थांबायच्या आत."